काचेवरच्या दोन काड्या

रस्त्याने समोरून कुणी हसत आलं, की कवळीवाले आधी त्याचे दात बघायचे आणि मग त्याला ओळखायचे. त्यात आगाऊपणा नव्हता, धंदाच तसा होता. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचा ठसा घेऊन तो डबीत घालून यांच्याकडे पाठवायचे. त्यावरून कवळीवाले प्लास्टरचा साचा ओतायचे, गुलाबी मेणात एकेक दात रोवायचे आणि शेवटी घासूनपुसून अख्खी कवळी तयार करून द्यायचे. माणूस कधी डोळ्यांनी बघितलेला नसायचा, नुसता त्याचा जबडा. त्यामुळे बाजारात एखादे आजोबा सफरचंदाचा कचकन चावा घेताना दिसले, की हे पिशवी हातात धरून जागच्या जागी उभे राहायचे. शेजारी बायको असली तर तिचं कोपर बसायचं, आणि मग पावलं पुढे पडायची.

घराच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं टेबल होतं. त्यावर स्पिरिटचा छोटा दिवा, मेण कोरायच्या सुऱ्या, आणि पांढरे जबडे ओळीने वाळत ठेवलेले. नवीन माणूस आत आला की दचकायचा. कवळीवाल्यांना मात्र ते जबडे झोपलेल्या माणसांसारखे वाटायचे. काम करता करता त्यांची तंद्री लागायची. ती घरात इतकी प्रसिद्ध होती, की लेक लहानपणी हळूच विचारायची, "बाबा इथे आहेत का गेले?" एकदा तर त्यांनी मेणाच्या सुरीने चहा ढवळला होता आणि तो पिऊन, आज चहाला छान वास येतोय, असंही म्हणाले होते.

बायको अगदी दुसऱ्या टोकाची. ती शहराची बस चालवायची. पहाटे अंगावर खाकी चढवून निघायची, दुपारी परत यायची, कधी उलट पाळी. गर्दीतून एवढं मोठं धूड नेताना ती चाकावर ताठ बसायची, आणि घरातही तशीच ताठ असायची. घराचं स्टीअरिंग आपल्या हातात नाही, हे कवळीवाल्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं, आणि त्यांना त्याचं सुखच होतं. कुणीतरी समोर बघतंय म्हटल्यावर आपण खुशाल बाजूला बघावं, असा त्यांचा हिशेब.

लेक शिकून दूरदेशी नोकरीला गेली, आणि मागच्या अंगणातली तिच्या पसाऱ्याची शेड रिकामी झाली. त्याच सुमाराला एका दुपारी कवळीवाल्यांना झोपेत एक गाडी दिसली. बुटकी, लांबट, फिकट रंगाची. ती पाण्याच्या कडेने चालली होती आणि तिला आवाज नव्हता. पुढे नुसती काच होती, थेंबासारखी वाकलेली, आणि त्या काचेवर काही म्हणजे काही नव्हतं. जागे झाले तेव्हा उशीवर ऊन आलं होतं. ते उठून टेबलाशी बसले आणि गुलाबी मेणाचा गोळा घेऊन ती गाडी तळहाताएवढी घडवली. बायको ड्यूटीवरून आली, तिने ती उचलून सगळीकडून बघितली आणि म्हणाली, छान आहे, पण हिला दात कुठायत? मग शोकेसमध्ये कपांच्या शेजारी ठेवून दिली.

ती तिथेच राहिली असती. पण बायकोचा धाकटा भाऊ एकदा जेवायला आला. त्याचं गॅरेज होतं, आणि बोलताना हातातला घास हवेत राहायचा अशी त्याची सवय. त्याने जेवण होईपर्यंत त्या मेणाच्या गाडीवरून नजर काढली नाही. हात धुता धुता म्हणाला, "दाजी, ही होईल."

आणि झाली. एका ठोकलेल्या गाडीचं इंजिन आणि सांगाडा मेहुण्याने आणून शेडमध्ये टाकला. वरचं अंग फायबरचं करायचं ठरलं, आणि त्यासाठी साचा लागणार होता. साच्याचं नाव काढल्यावर कवळीवाल्यांच्या अंगात वारं शिरलं. जन्मभर जबड्याचे साचे केले, आता हा एक राक्षसाचा, असं म्हणून ते प्लास्टर कालवायला बसले. वर्षं गेली. सुट्टीच्या दिवशी दोघं शेडमध्ये असायचे आणि बायको दारातून चहाचे पेले आत सरकवायची. आत सगळीकडे पांढरी भुकटी. त्या भुकटीतून तिरपं ऊन यायचं, आणि त्या उन्हात ते पांढरं धूड हळूहळू, कुणाला कळणार नाही इतकं हळूहळू, गाडीसारखं दिसायला लागलं.

रंगाची वेळ आली तेव्हा कवळीवाले आपली दातांच्या रंगांची पट्टी घेऊन रंगाऱ्याकडे गेले. पन्नाशीच्या माणसाला जो दात शोभतो, तो त्यांनी बोटाने दाखवला: पांढरा नाही, पिवळा नाही, दुधावरच्या सायीसारखा. रंगारी पोट धरून हसला. पण रंग वाळल्यावर शेडचं दार उघडून ऊन आत घेतलं, तेव्हा तो हसला नाही. टोपी काढून डोकं खाजवत बराच वेळ उभा राहिला.

गाडी सरकारी तपासणीतून पास होऊन आली, त्या संध्याकाळी कवळीवाले तिच्यासमोर स्टूल टाकून बसले. समोरून तिचा चेहरा बघायला लागले आणि त्यांची नजर काचेवर अडली. काचेवर दोन वायपर होते. तपासणीसाठी मेहुण्याने कुठल्याशा गाडीचे काढून बसवलेले, काळे, किडकिडीत. दातात काडी अडकली की जीभ जशी पुन्हापुन्हा तिथेच जाते, तशी त्यांची नजर त्या दोन काड्यांवर जायला लागली. एक डोळा मिटून अंगठ्याने त्यांनी त्या झाकून बघितल्या. अंगठ्याआड गाडी होती तशी झाली, झोपेत दिसली होती तशी. अंगठा काढला की पुन्हा काड्या.

त्यांनी विषय काढला तसा घरात वाद सुरू झाला. मेहुण्याचं म्हणणं सरळ होतं, पास करून आणलीय ती वायपरसकट, आता ते काढणं बरं नव्हे. "गाडी आहे दाजी, फुलदाणी नाही," असं तो म्हणाला आणि घास हवेतच राहिला. रंगारी कवळीवाल्यांच्या बाजूने. त्याचं शास्त्र वेगळंच होतं: काचेला मी असं मेण लावून देतो, की थेंब टिकायचेच नाहीत, गाडी जरा पळवली की वाऱ्यानेच पाणी वर चढून पळून जाईल. मेहुणा म्हणाला, आणि सिग्नलला थांबल्यावर? रंगारी म्हणाला, तेव्हा सिग्नलकडे बघायचं, पाण्याकडे कशाला. असं बरंच चाललं. शेवटी दोघंही कवळीवाल्यांच्या बायकोकडे वळले, कारण या घरात शेवटचा शब्द कुणाचा, हे रंगाऱ्यालाही माहीत होतं.

ती ताट पुसत होती. तिच्या लेखी वायपर म्हणजे काय होतं, ते कवळीवाल्यांना ठाऊक होतं. रोज बस बाहेर काढण्याआधी ती ओला कपडा घेऊन दोन्ही वायपरच्या रबरावरून अंगठा फिरवायची. उन्हाने रबर कडक झालंय का, कुठे चीर गेलीय का. पावसाच्या दिवसांत सगळं शहर तिला पंख्याच्या आकाराच्या एका स्वच्छ तुकड्यातून दिसायचं, आणि तेवढ्याच तुकड्यातून ती पन्नास माणसं घरी पोचवायची. कधी कधी झोपेतही तिचा हात उशीवर डावीकडून उजवीकडे फिरायचा.

"गाडी तुमची," ती म्हणाली. "पण चालवणार मी, आणि मला समोरचं दिसायला हवं."

 लायसन कवळीवाल्यांकडेही होतं, पण एकदा मोकळ्या रस्त्यावर ढगांकडे बघताना त्यांची तंद्री लागली, आणि मोटार पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाला आली. मागे हॉर्न वाजवणाऱ्यांची रांग लागली तरी यांना पत्ता नाही. त्या दिवसापासून त्यांनी बाजूची सीट घेतली होती ती कायमची.

पुढचे काही दिवस ते शेडमध्ये जाऊन यायचे आणि काही करायचे नाहीत. मग एका दुपारी बायको ड्यूटीवर असताना त्यांनी पाना घेतला. रागाने नाही, हट्टाने तर नाहीच. कवळी घासताना कुठे बोटाला खडबडीत लागलं की हात आपोआप तिकडे जातो, तसा हात गेला. वायपर निघाले. खालची दोन भोकं त्यांनी फायबरच्या छोट्या गुंड्या करून बुजवली, त्यांना तोच सायीचा रंग दिला, आणि जोड दिसेनासा होईपर्यंत घासत राहिले. काड्या वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवल्या, आणि रंगाऱ्याला बोलावून काचेला त्याचं मेण लावून घेतलं.

बायको आली ती तशीच खाकीत शेडच्या दारात उभी राहिली. तिने गाडीला एक पूर्ण फेरी मारली. भांडली नाही.

"सुंदर दिसतेय," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "उन्हाचीच काढायची म्हणजे."

कवळीवाल्यांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, झालं, तिला पटलं.

त्यानंतरच्या दुपारी त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात गोड दुपारी होत्या. जेवण झालं की ते शेडमध्ये जाऊन बाजूच्या सीटवर बसायचे. पत्र्याच्या फटींतून ऊन गळायचं. बाहेरच्या झाडाची सावली काचेवर यायची आणि कुठेही न अडकता या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहत जायची. गाडी उभीच असायची, पण सावल्या चालल्या की गाडी चालल्यासारखी वाटायची. कधी डोळे मिटायचे, कधी उघडे असायचे. दोन्हीत फार फरक नसायचा.

मग एका रविवारी बायकोला सुट्टी होती. तिने अंगणात येऊन चारी दिशांना आभाळ बघितलं. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. दोघं निघाली. शहराबाहेर जलाशयाच्या काठाने एक रस्ता जातो, दोन्ही बाजूंना उंच झाडं. गाडीचं कापडी छत मागे दुमडलेलं. एका बाजूला पाणी, आणि पाण्यात उलटी झाडं. गाडी इतकी खाली होती, की कवळीवाल्यांना वाटत होतं, हात लांब केला तर बोटं पाण्याला लागतील. पानांमधून ऊन पडत होतं, काचेवर चमकत होतं, मागे जात होतं. एका वळणावर गुरं राखणाऱ्या एका म्हातारीने गाडी बघून तोंडभर हसून हात हलवला, आणि या वेळी मात्र त्यांनी तिचे दात बघितले नाहीत.  पलीकडच्या टोकाला बसून दोघांनी डब्यातली पोळीभाजी खाल्ली.

परत निघताना आभाळ भरून आलं. कुठून आलं कळलं नाही. मघाशी नव्हतं आणि आता होतं. थांबून त्यांनी छत ओढून घेतलं, खटके लावले, आणि तेवढ्यात काचेवर पहिले टपोरे थेंब बसले. बायकोचा हात सवयीने वायपरच्या बटणाकडे गेला. बटण दाबलं. डॅशबोर्डच्या आत कुठेतरी मोटर घूं घूं करत राहिली. तिने बटण बंद केलं आणि कवळीवाल्यांकडे बघितलंही नाही.

थोडं अंतर ती सावकाश गेली. थेंब काचेवर बसत होते, जड होऊन खाली घसरत होते. मग समोर सरळ, रिकामा रस्ता लागला आणि तिने पाय दाबला.

थेंब थरथरले. खाली यायचं की नाही अशा विचारात पडल्यासारखे जागीच हलले, आणि मग एकेक करून वर चढायला लागले. काचेवरून पाण्याच्या बारीक दोऱ्या वर, छताकडे पळायला लागल्या. रंगारी खोटं बोलला नव्हता. तिने आणखी पाय दाबला. आता काच नुसती लकाकत होती, तिच्यातून झाडं आणि पाणी आणि राखाडी आभाळ एकात एक मिसळून अंगावर येत होतं. कवळीवाल्यांनी दाराची कडी घट्ट धरली होती. त्यांनी बायकोकडे बघितलं. बसमध्ये ताठ बसणारी ही बाई आज मागे रेलली होती, पाय लांब पसरून, आणि हसत होती. आवाज न करता, एकटीच. तिच्या बसला वेगाचं कुलूप होतं, ठरल्या काट्यापुढे ती जायचीच नाही. इतका वेग तिने जन्मात केला नव्हता, आणि हा चेहरा त्यांनी जन्मात बघितला नव्हता. भीती वाटत होती आणि ती संपू नये असंही वाटत होतं.

पुढे चढ आला, आणि चढावर फळ्यांनी भरलेली एक लॉरी रखडत चालली होती. बायकोने पाय उचलला. वेग गेला तसा थेंबांचा जोर गेला. वर चढणारं पाणी जिथल्या तिथे थांबलं, पसरलं, आणि काच आंधळी झाली. लॉरीचे तांबडे दिवे साऱ्या काचेवर कुंकू सांडल्यासारखे पसरले. तिने बाजूची काच खाली केली, डोकं पावसात बाहेर काढलं आणि चालण्याच्या वेगाने गाडी रस्त्याकडेच्या, लॉऱ्या तोलायच्या वजनकाट्याच्या शेडखाली नेली. रविवार होता, काटा बंद. शेडखाली कुणी नव्हतं.

इंजिन थांबलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. तिचे ओले केस कपाळाला चिकटले होते आणि हात अजून चाकावरच होते.

कवळीवाले म्हणाले, "उद्या लावतो परत."

तिने किल्ली काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "मला थांबायचं नव्हतं. लॉरी दिसली तरी पाय उचलावासा वाटत नव्हता. इतकी वर्षं चालवते, असं कधी झालं नाही." तिने ओढणीने तोंड पुसलं. "रोज मागे पन्नास माणसं असतात हो."

"म्हणून तर लावतो म्हटलं."

"मी घाबरले म्हणून लावू नका," ती म्हणाली. "मला हिला पावसात चालवायचीय. उन्हात काय, कुणीही चालवेल."

 पाऊस थांबायला तयार नव्हता. बोलता बोलता तिची मान मागे टेकली आणि ती झोपली. पहाटेच्या पाळीची माणसं अशीच झोपतात, दिवा मालवल्यासारखी. तोंड जरासं उघडं पडलं, आणि कवळीवाल्यांना तिचे मागचे दात दिसले. झिजून सपाट झाले होते. दात आवळून जगणाऱ्या माणसांचे असे होतात. असे कितीतरी ठसे त्यांच्या टेबलावरून गेले होते. साऱ्या गावाचे दात बघत हिंडलो आणि घरातले बघितले नाहीत, असं त्यांच्या मनात आलं. पण आत्ता तिचा जबडा सैल होता, लहान मुलीसारखा. ते हलले नाहीत. समोरच्या काचेवर थेंब होते, प्रत्येक थेंबात एक उलटं झाड होतं, आणि मधूनच एखादा थेंब दुसऱ्याला जाऊन मिळायचा आणि दोन झाडांचं एक झाड व्हायचं. ते बघता बघता त्यांनाही कधीतरी डुलकी लागली. जाग आली तेव्हा पाऊस ओसरला होता आणि ती गाडीबाहेर उभी राहून रुमालाने काच पुसत होती.

दुसऱ्या दिवशी लावतो म्हणाले खरे, पण तसं झालं नाही. सरळ त्या काळ्या काड्या लावायच्या म्हटल्यावर त्यांचा जीव होईना. हसताना दिसू नये अशी तार कवळीत कशी बसवायची, ते त्यांना येत होतं. तसाच न दिसणारा वायपर करू म्हणाले. तार वाकवली, बॉनेटच्या ओठाखाली दडवली, मोटर खाली सरकवली. दिसायला दृष्ट लागावी असं झालं. पण चालू केल्यावर तो मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा किंचाळायचा, आणि बरोबर डोळ्यांच्या रेषेत पाण्याचा एक पट्टा सोडून द्यायचा. ते पुन्हा करायचे, पुन्हा तेच. मेहुणा येऊन बघून जायचा आणि, मी सांगितलं होतं, असं एकदाही म्हणाला नाही. हे त्याचं मोठेपण. बायको नुसती खिडकीतून आभाळ बघायची.

शेवटी एका सकाळी त्यांनी फळीवरचं वर्तमानपत्र उलगडलं. सायीच्या रंगाच्या गुंड्या छिन्नीने फोडाव्या लागल्या, आणि एके ठिकाणी नखाएवढा रंग उडाला. काड्या बसवल्या. रबर नवं घातलं. पाणी मारून बघितलं, तर एका फटकाऱ्यात काच लख्ख.

सवय झाली, असं ते पुढे सगळ्यांना सांगायचे. झाली नव्हती. समोरून गाडी बघितली की नजर आधी काड्यांवर जायचीच. म्हणून ते समोरून बघणं टाळायचे आणि आत जाऊन बसायचे. आतून काड्या तेवढ्या दिसत नाहीत. रंगारी मात्र मनाला लावून घेऊन बरेच दिवस घरी आला नाही. आणि आभाळ भरून आलं की शेजारपाजारचे लोक कपडे काढायला बाहेर धावायचे, तेव्हा या घराच्या फाटकातून ती फिकट गाडी बाहेर पडायची. बाकीच्या गाड्या आडोसा शोधायच्या, आणि ही दोघं निघालेली. लोक म्हणायचे, यांचं सगळं उलटंच.

पुढे बायको निवृत्त झाली. पहिला आठवडा ती पहाटे उठून खाकी नसलेल्या कपाटासमोर नुसती उभी राहायची. मग एका दुपारी कवळीवाले टेबलाशी बसून एका कवळीत दात रोवत असताना बाहेर पाऊस लागला. त्यांनी खिळ्यावरची किल्ली हलल्याचा आवाज ऐकला, मग शेडचं दार, मग फाटक. तिने हाक मारली नव्हती. या वेळी ते सोबत नव्हते, आणि ते त्यांना थोडं लागलं. पण हातातलं मेण मऊ होतं, ते सोडता येत नव्हतं.

ती आली तेव्हा उजेड कमी झाला होता. केस ओले, गाल तांबडे. त्यांनी विचारलं, कुठे गेली होतीस?

"कुठे नाही," ती म्हणाली. "नुसती चालवली."

त्यांनी उठून चहा ठेवला. ती टॉवेलने केस पुसत त्यांच्या टेबलापाशी, वाळत ठेवलेल्या जबड्यांच्या शेजारी बसली आणि सांगायला लागली. जलाशयाच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं, आणि मध्येच पाण्यावरून एक बगळा गाडीच्या बरोबरीने उडत होता, बराच वेळ, जणू त्यालाही त्याच गावाला जायचं होतं. एरवी ती इतकं बोलायची नाही. ते ऐकत राहिले. मागे चहा उतू गेला, आणि तो कुणी बघितला नाही.